काळोखाची तरतूद आधी करा: प्रकाश-दालने भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
संग्रहालयांचे संचालक, प्रकाश-महोत्सवांचे आयोजक आणि कलादालनांचे क्युरेटर यांस,

स. न. वि. वि.

समुद्रप्रवास आणि स्थलांतर या विषयावर, प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकणारी प्रकाश-दालने अलीकडे पुष्कळ मागितली जातात. कलाकार कल्पना आणि आराखडा देतो, तुम्ही हॉल देता. ती कल्पना छतावर, भिंतींवर, पाण्यावर उभी करण्याचे आणि रोज सकाळी पुन्हा चालू करण्याचे काम आमच्याकडे येते. वायरिंग, फिक्श्चर, प्रोग्रॅमिंग, धुके, देखभाल हा आमचा प्रांत. त्यात काय बिघडते आणि का, हे एकदा सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे: करारात दिव्यांच्या रकमेच्या आधी काळोखाची रक्कम लिहा. रात्रीचा समुद्र काळा असतो. दालन तसे काळे झाले नाही, तर आतला प्रत्येक दिवा सजावटीचा होऊन बसतो. मग काम फिके दिसते म्हणून आणखी दिवे मागितले जातात, आणि ते अधिकच फिके होते.

काळोख मोजता येतो. अमावास्येच्या निरभ्र रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड साधारण ०.००१ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात ०.१ ते ०.३ लक्स. दारावरची एक्झिटची पाटी चार-पाच मीटरवर पौर्णिमेइतका उजेड सहज टाकते. ती पाटी झाकता येत नाही, झाकूही नये. युरोपीय मानक ईएन १८३८ प्रमाणे वीज गेल्यावर बाहेर पडण्याच्या मार्गावर किमान १ लक्स उजेड लागतो, आणि त्यात तडजोड आम्ही करणार नाही. पण पाटी कुठे येईल हे ठरवता येते. प्रेक्षकाचे तोंड ज्या दिशेला असणार, तिच्या मागच्या भिंतीवर पाटी घ्या. अग्निशमन अधिकाऱ्याच्या लेखी संमतीने तिला वरून आणि बाजूंनी काळी झडप लावता येते. मग ती दिसते पूर्ण, मात्र छत उजळत नाही. आपत्कालीन दिवे फक्त वीज गेल्यावर लागणारे निवडता येतात. हे सगळे आराखडा पक्का होण्याआधी शक्य असते. उद्घाटनाच्या आठवड्यात अधिकारी आला, की तो सांगेल तिथे पाटी बसते आणि कलाकाराचे क्षितिज हिरवे होते.

उरलेल्या गळत्या शोधायला उपकरण लागत नाही. भर दुपारी सगळे दिवे बंद करून हॉलमध्ये वीस मिनिटे बसायचे. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी पहिल्या दहा मिनिटांत अंधाराला सरावतात, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यानंतर जे जे दिसू लागेल ती गळती: दाराखालची फट, छताच्या काचेचा झाकलेला कोपरा, प्रोजेक्टरचा स्टँडबाय दिवा, अँप्लिफायरवरचा निळा ठिपका, पॉलिश केलेल्या फरशीत पडलेले प्रतिबिंब. काळा रंग मॅटच हवा. चकचकीत काळी भिंत आरशाचे काम करते.

प्रेक्षक मात्र वीस मिनिटे थांबत नाही, म्हणून त्याला वाटेतच तयार करावे लागते. त्यासाठी दोन वळणांची, इंग्रजी झेड आकाराची, काळी वाट. व्हीलचेअर वळावी म्हणून वळणावर दीड मीटर मोकळी जागा. उजेड टप्प्याटप्प्याने उतरता ठेवायचा आणि शेवटचा टप्पा गडद तांबडा. ६२० नॅनोमीटरच्या पुढचा मंद तांबडा प्रकाश दंडपेशींना फारसे जागे करत नाही, त्यामुळे त्यांचे सरावणे चालू राहते. जहाजाच्या ब्रिजवर रात्री नकाशे तांबड्या दिव्यात वाचले जातात, ते याच कारणाने. आत गेल्यावर दंडपेशींना सगळ्यात तीव्र दिसतो तो ५०७ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा, त्यामुळे त्या प्रकाशातला समुद्र अगदी क्षीण पातळीवरही उजळ दिसतो, रंग मात्र दंडपेशींना कळत नाही. एवढी सगळी मेहनत एका मोबाइलच्या स्क्रीनने वाया जाते. फोटो हवेच असतील तर खेळाच्या शेवटी दोन मिनिटे वेगळी द्या आणि तेवढ्यापुरता उजेड वाढवा. आखीव वेळ दिली की लोक मधे फोन काढत नाहीत.

आता कमी उजेडाचे तंत्र. खरेदी विभाग हमखास जिथे कात्री लावतो, ती ही जागा. साधा डीएमएक्स कंट्रोल (दिव्यांना हुकूम पोहोचवण्याची ठरलेली पद्धत) ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ पायऱ्यांचा. उजळ भागात २०० वरून २०१ कळत नाही. तळाशी १ वरून २ म्हणजे उजेड दुप्पट, आणि काळोखाला सरावलेल्या डोळ्याला तो धक्का स्पष्ट दिसतो. पहाट हळूहळू व्हायला हवी तिथे ती जिन्याने वर चढते. उपाय १६ बिटांचा: ६५,५३६ पायऱ्या, पण प्रत्येक रंगाला दोन चॅनेल. डीएमएक्सच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका स्वतंत्र ओळीत, ५१२ चॅनेल असतात. त्यात ८ बिटांचे तीन-रंगी पिक्सेल (एकेक करून चालवता येणारे छोटे दिवे) १७० बसतात, १६ बिटांचे फक्त ८५. कंट्रोलरचा खर्च साधारण दुप्पट होतो. ही ओळ कापू नका, वाटल्यास दिव्यांची संख्या कापा.

संख्येचा प्रश्न या विषयात विशेष नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, आयओएम, २०१४ पासून वाटेत मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या स्थलांतरितांची नोंद ठेवते. एकट्या भूमध्य समुद्रात २०१६ साली ही नोंद ५,००० च्या वर गेली. एका माणसामागे एक प्रकाशबिंदू, ही कल्पना कलाकारांना साहजिकच सुचते. ती कागदावर एका ओळीची आहे. प्रत्यक्षात ५,००० पिक्सेल म्हणजे ८ बिटांत ३० युनिव्हर्स, १६ बिटांत ५९. डब्ल्यूएस२८१२ जातीचा ५ व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे सगळे मिळून ३०० अँपिअर. काम मंद उजेडाचे असले तरी प्रोग्रॅममधल्या एका चुकीने सगळे पांढरे होऊ शकतात. म्हणून वायर आणि फ्यूज त्या हिशेबाने, आणि कंट्रोलरमध्ये उजेडाची कमाल मर्यादा बांधलेली. अशा पिक्सेलला माहिती पोहोचायला प्रत्येकी ३० मायक्रोसेकंद लागतात. एका ओळीत १,००० जोडले तर सेकंदाला ३३ पेक्षा जास्त चित्रे मिळत नाहीत आणि हालचाल अडखळते.

यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे साखळी. या पिक्सेलांमध्ये माहिती एकातून दुसऱ्यात जाते. चारशेव्या क्रमांकाचा एक पिक्सेल मेला, की त्याच्या पुढचे सगळे विझतात किंवा वेडेवाकडे चमकू लागतात. जिथे प्रत्येक ठिपका हा एक माणूस आहे असे भिंतीवर लिहिले आहे, तिथे एका खराब जोडामुळे सहाशे माणसे दिसेनाशी होतात, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अशा कामात दुहेरी डेटा-वायर असलेले, डब्ल्यूएस२८१५ सारखे, पिक्सेल घ्यावेत. त्यात एक मेला तरी पुढचे चालतात. माळा पन्नास-पन्नासच्या तुकड्यांत तोडाव्यात. प्रत्येक बिंदूला क्रमांक आणि नकाशा असावा. रोज सकाळी दार उघडण्याआधी सगळे बिंदू एकेक करून पेटवून मोजावेत, आणि त्याची वही असावी. आयओएमचे आकडे मागाहून दुरुस्त होतात, वाढतात. तुमचे काम वर्षभर चालणार असेल तर नवे बिंदू जोडायला जागा, वीज आणि पैसे राखून ठेवा. ते जमणार नसेल तर एकास-एक असा दावा पाटीवर करू नका.

समुद्र ओळखणारा प्रेक्षक पहिल्या मिनिटात पकडतो ती चूक लाटांची. खोल पाण्यात लाटेचा सेकंदाला मीटरमधला वेग आवर्तनकाळाच्या, म्हणजे दोन माथ्यांमधल्या सेकंदांच्या, १.५६ पट असतो. दहा सेकंदांनी येणारी लाट सेकंदाला १५.६ मीटर जाते आणि तिची लांबी १५६ मीटर भरते. तीस मीटरच्या हॉलमध्ये तिचा एकच माथा मावतो आणि तो दोन सेकंदांत पार होतो. म्हणजे खरी भरसमुद्रातली लाट दाखवायची तर अख्खा हॉल जवळजवळ एकदमच उजळायला आणि मावळायला हवा, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन सेकंदांचा फरक ठेवून. त्याऐवजी दर दोन सेकंदांनी एक झुळझुळती रेघ भिंतीवरून पळवली जाते. दोन सेकंदांची लाट सहा मीटरची असते. तो तलाव झाला. शिवाय खऱ्या लाटा सारख्या येत नाहीत, चार-पाच मोठ्या आल्या की मधे शांतता असते. प्रोग्रॅममध्ये दोन-तीन वेगवेगळ्या आवर्तनांची बेरीज केली की हा गट आपोआप तयार होतो.

क्षितिजाची रेघ डोलवायची असेल तर मात्र सांभाळा. माणसाला बोट लागते ती सगळ्यात जास्त ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाच सेकंदांच्या हेलकाव्याला. संपूर्ण दृष्टिक्षेत्र भरून टाकणारी प्रकाशाची रेघ त्याच तालावर हलली, की शरीर स्थिर असूनही पोटात तेच होते आणि उभी माणसे झोके खाऊ लागतात. आवर्तन दहा-बारा सेकंदांवर न्या, हेलकावा लहान ठेवा आणि घोट्याच्या उंचीवर एक अजिबात न हलणारी मंद रेघ द्या. कठडा द्या. १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जेम्स टरेल यांच्या प्रकाश-दालनात नसलेल्या भिंतीला टेकायला गेलेले प्रेक्षक पडले होते आणि प्रकरण कोर्टात गेले.

वादळ हवे असेल तर विजा सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमकवू नका, आणि गडद तांबड्या रंगाची उघडझाप तर मुळीच नको. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरच्या एका कार्टूनमधल्या तांबड्या-निळ्या लखलखाटामुळे शेकडो मुले रुग्णालयात पोहोचली. तिथला वेग सेकंदाला बाराच्या आसपास होता. दालनात पडदा चारी बाजूंना असतो, मान वळवून सुटका होत नाही.

दिव्यांची भाषाही नीट वापरा. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार जहाजाच्या डाव्या बाजूला तांबडा आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो, दोन्ही ११२.५ अंशांत दिसणारे, आणि मागचा पांढरा १३५ अंशांत. जहाज आपल्यावर चालून येत असेल तर हिरवा आपल्या डावीकडे आणि तांबडा उजवीकडे दिसतो. बहुतेक आराखड्यांत हे उलटे असते आणि प्रेक्षक नकळत पाठमोरे जहाज पाहतो. माणसांनी खच्चून भरलेल्या रबरी बोटींवर यातले काहीच नसते. तिथे असला तर कुणाच्या तरी फोनचा टॉर्च असतो. म्हणून भूमध्य समुद्राच्या दालनात टापटीप नौदीप लावणे खोटे आहे. पॅराशूट-फ्लेअर (संकटाचा इशारा म्हणून आकाशात सोडलेला दिवा) दाखवायचा असेल तर त्याचे माप ठरलेले आहे: किमान ३०० मीटर उंची, किमान ४० सेकंद, किमान ३०,००० कँडेला (दिव्याच्या तेजाचे माप), रंग तांबडा. लाइफ जॅकेटवरचा दिवा याच्या दुसऱ्या टोकाला, ०.७५ कँडेला, आठ तास. या दोन आकड्यांमधले अंतर हेच खरे नाट्य आहे, आणि ते काळोखी हॉलमध्येच कळते. फ्लेअर खेळाच्या शेवटी ठेवा, कारण त्यानंतर डोळे पुन्हा शून्यावर येतात.

धुक्याबद्दल आता. किरण हवेत दिसायला हेझ, म्हणजे मशीनने हवेत पसरवलेले विरळ धुके, लागतो, आणि हेझ लागला की स्मोक डिटेक्टर वाजतो. बहुतेक हॉलमधले ऑप्टिकल डिटेक्टर धूर आणि हेझच्या द्रवातल्या ग्लायकॉलचे कण यांत फरक करत नाहीत. हवा ओढून तपासणारी यंत्रणा तर आणखी हळवी असते. तीन वाटा आहेत: त्या भागापुरते उष्णतेवर चालणारे किंवा बहुसेन्सर डिटेक्टर तात्पुरते बसवणे, खेळाच्या वेळेपुरता तो एकच झोन वेगळा करून प्रशिक्षित पहारेकरी ठेवणे, किंवा हेझ सोडून जाळीच्या पडद्यांवर काम करणे. दुसरी वाट घेतली तर झोन रोज रात्री परत चालू केल्याची सहीसह नोंद हवीच. सगळ्यात धोकादायक सवय म्हणजे ‘उद्या परत बंदच करायचा आहे’ म्हणून तो तसाच ठेवणे. एसीच्या झोतासमोर मशीन ठेवले तर सगळा हेझ एका कोपऱ्यात जमतो. मशीन हवा परत ओढणाऱ्या जाळीपासून दूर आणि उलट टोकाला असावे. द्रव त्याच कंपनीचा, पाण्यावर आधारित. फरशीवर चिकट थर बसतो, प्रोजेक्टरचे फिल्टर तुंबतात, त्यामुळे फरशी रोज पुसायची आणि फिल्टर दर आठवड्याला काढायचे. दम्याच्या रुग्णांसाठी सूचना तिकिटाच्या खिडकीवर लिहा. आतल्या अंधारात ती कोण वाचणार?

आरशासारखे काळे पाणी मागितले गेले, तर आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारा. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. १० बाय ६ मीटरच्या हौदात ६ टन, वर त्यात उतरणाऱ्या माणसाचे वजन. पाण्यातले दिवे कमी व्होल्टचे आणि पाण्यात बुडून चालणाऱ्या आयपी६८ दर्जाचे, सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). पाणी फिरते ठेवले नाही तर आठवड्याभरात शेवाळ आणि डास. तुषार उडवणारी मशीन असेल तर लिजिओनेला या फुप्फुसाचा आजार करणाऱ्या जीवाणूचा धोका असतो, त्याची नियमित तपासणी खर्चात धरा.

पंख्यांचा आवाज नको म्हणून पॉवर सप्लाय हॉलबाहेर ठेवायला सांगतात. मागणी रास्त आहे, पण तांब्याचा खर्च मोजा. २४ व्होल्टवर १० अँपिअर वीस मीटर न्यायचे तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जवळपास २.८ व्होल्ट वाटेतच जातात, ६ चौरस मिलिमीटरमध्ये १.२ च्या आसपास. व्होल्टेज पडले की निळा आधी बसतो आणि पट्टीचे टोक पिवळट-तांबूस दिसते. समुद्र टोकाला गढूळ दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच. डीएमएक्सच्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (ओळीच्या टोकाला लावायचा रोधक) नाही किंवा माइकची केबल वापरली आहे, म्हणून ओळीच्या टोकाचे दिवे थरथरतात. दोष प्रोग्रॅमरला लागतो.

आता वस्तू आणि माणसे. २०१६ मध्ये चिनी कलाकार आय वेवे यांनी बर्लिनच्या कोन्झर्टहाउस या संगीतगृहाचे खांब लेस्बोस बेटावरून आणलेल्या सुमारे १४,००० लाइफ जॅकेटांनी मढवले. तेव्हापासून खरी जॅकेटे दालनात टांगण्याची मागणी वाढली आहे. ती मिठाने आणि बुरशीने भरलेली असतात, आतला फोम भराभर पेटतो. त्यांना अग्निरोधक प्रक्रिया आणि तिचे प्रमाणपत्र लागते, शिवाय गरम दिव्यांपासून अंतर. त्याच वर्षी जानेवारीत इझमिरमध्ये तुर्की पोलिसांनी बनावट जॅकेटांचा कारखाना पकडला. पाणी शोषणारा पॅकिंगचा फोम भरलेली ती जॅकेटे होती. टांगलेल्यांपैकी काही तशीच असू शकतात, तेव्हा ती नुसती रंगीत कापडे असल्यासारखी उजळू नका.

१८ एप्रिल २०१५ रोजी शेकडो माणसांसह बुडालेली बोट २०१९ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात कलाकार ख्रिस्तोफ ब्युखेल यांनी ‘बार्का नोस्त्रा’ म्हणून ठेवली. तिच्याजवळ माहितीची पाटी नव्हती आणि शेजारी कॅफे होता, त्यावर बरीच टीका झाली. आमची बाजू स्पष्ट आहे: माहिती आत शिरण्याआधी, वाचता येईल अशा उजेडात, खुर्ची ठेवून द्या. ‘बुडण्याचा अनुभव घ्या’ असली जाहिरात करणार असाल तर आमच्यातले बरेच जण ते काम घेणार नाहीत. प्रवास केलेल्या माणसांचा सल्ला घ्या आणि त्याचे पैसे द्या. त्यांचा आवाज वापरताना लेखी संमती आणि ती मागे घेण्याची सोय हवी. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला माणूस बोलीवरून, तारखेवरून, किनाऱ्याच्या नावावरून ओळखू येतो. आणि स्थलांतर म्हणजे फक्त भूमध्य समुद्र असेही धरू नका. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध भारतीय मजूर, मॉरिशसच्या आप्रवासी घाटावर उतरले. त्या प्रवासांची दालने फारच थोडी होतात.

करारात आम्हाला हे हवे: त्याच बॅचचे १० टक्के जादा दिवे पहिल्याच खरेदीत, कारण सहा महिन्यांनी मागवलेल्या पट्टीचा पांढरा जुळत नाही; दार उघडण्याआधी रोज एक तंत्रज्ञ; हॉल काळा झाल्यावर फोकसिंगसाठी (दिव्यांचे झोत नेमके रोखण्यासाठी) सलग रात्री, इतर ठेकेदारांची ये-जा बंद ठेवून; आणि उतरवण्यासाठी वेगळी रक्कम. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००३-०४ ला ओलाफुर एलियासन यांचा सूर्य मोजक्या गोष्टींवर उभा होता: सोडियमचे दिवे, आरसा आणि हेझ. पाच महिने तो टिकला. सामान थोडे असले की रोज सांभाळायलाही तेवढेच असते, आणि काम शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसासारखे दिसते.

उतरवताना जॅकेटे कुठे जाणार, हौदाचे रंगवलेले पाणी कुठे सोडणार, ई-कचरा कोण घेणार, हेही आधीच लिहा. उत्तर पाठवताना तीन कागद जोडावेत: हॉलमधल्या डिटेक्टरांचे प्रकार आणि जागा, जमिनीची भारक्षमता, आणि एक्झिटच्या पाट्या दाखवणारा नकाशा. कलाकाराशी बोलणी सुरू होण्याआधी ते मिळाले तर उत्तम.

आपले,
प्रकाश-दालने उभारणारे व चालवणारे तंत्रज्ञ